चाबूक वळायला किती वेळ लागतो?

"प्रभू रागावला होता की नव्हता, एवढंच सांगा."

"रागावला होता."

"मंदिरात बाजार मांडणाऱ्यांची मेजं त्यानं उलथली होती की नव्हती?"

"उलथली होती."

"मग मी काल काय वेगळं केलं?"

निमगावकर सरांनी हातातली लाल पेन्सिल उत्तरपत्रिकेवर आडवी ठेवली.

"वर सावलीत ये, शांतवन."

"नाही येणार."

भर बाराचं ऊन. शांतवन वैरागर ओसरीच्या खाली, तापलेल्या फरशीवर उभा होता. सर त्याला वर ये म्हणाले, ती ही तिसरी वेळ.

आईनं मोठ्या हौसेनं नाव ठेवलं होतं शांतवन. पण नावाचा आणि स्वभावाचा छत्तीसचा आकडा. ईश्वरविज्ञान विद्यालयात त्याचं शेवटचं वर्ष होतं. पदवीला दोन महिने उरले होते. ग्रीक भाषेत आणि ख्रिस्ती विचारांच्या इतिहासात तो सलग तीन वर्षं पहिला आला होता, आणि हे कुणी विसरलं तर तो आठवण करून देत असे.

रेव्हरंड हरिश्चंद्र निमगावकर त्याचे गुरू. वय त्रेसष्ट. बायको जाऊन सात वर्षं झालेली. विद्यालयामागच्या कौलारू बंगलीत एकटेच राहत. बोलणं कमी. पण त्यांच्या शब्दापुढं ना प्राचार्य जात, ना चर्चचे पंच.

काल रविवार होता.

काल पहिल्यांदाच शहरातल्या मोठ्या दगडी चर्चमध्ये पाठ वाचण्याचा मान शांतवनला मिळाला होता. ते ऐकायला त्याची आई गावाहून पहाटेच्या एसटीनं आली होती. घडीचं लुगडं नेसली होती. कुठं बसायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लेक जवळून दिसावा म्हणून ती तिसऱ्या बाकावर बसली.

पंच जयवंतराव तिच्याजवळ आले. वाकले. तिच्या कानाशी काहीतरी बोलले.

आई उठली.

वस्तीतल्या बायका दाराजवळ जाजमावर बसतात, तिकडं जायला तिला सांगितलं होतं. चर्च झाडणारी सोनाबाई तिला हाताला धरून न्यायला पुढं आली.

शांतवन वाचायच्या चौथऱ्यावरून हे सगळं बघत होता. तिसरा बाक आता रिकामाच होता; आईशिवाय अजून चार माणसं त्यावर आरामात बसली असती.

त्यानं वाचन थांबवलं. खाली उतरला. सागवानी बाकाला दोन्ही हात घातले आणि बाक उलथून टाकला.

बाक पडला तो सोनाबाईच्या पावलावर.

आई दोनच्या एसटीनं परत गेली. स्टँडवर ती एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं रं. म्या म्होरं बसाया नगं हुतं."

हे वाक्य रात्रभर शांतवनच्या छातीत निखाऱ्यासारखं पडून होतं. सकाळी त्याच्यावर प्राचार्यांची चिठ्ठी येऊन पडली. आज पाच वाजेपर्यंत जयवंतरावांची आणि पंचांची लेखी माफी, नाहीतर नाव कमी.

"तुम्ही लिहून द्या, सर," तो म्हणाला. "शांतवन वैरागरनं जे केलं ते धर्माला धरून होतं, असं लिहून द्या. खाली सही करा."

"आणि?"

"आणि काय?"

"एवढ्यासाठी तू उन्हात उभा नाहीस."

...



"तुम्ही दुसऱ्या बाकावर बसला होतात," तो म्हणाला. "तुमच्या पाठीमागं. हातभर अंतरावर. माझ्या आईला उठवलं, आणि तुम्ही मान वळवून बघितलंसुद्धा नाही."

"बघायची गरज नव्हती. ऐकू आलं होतं."

"ऐकू आलं होतं?"

"एकेक शब्द."

आपण सरांना दोष देऊ, सर म्हणतील मला कळलंच नाही रे, मग आपण थोडं नरम पडू... असं काहीतरी शांतवन मनात धरून आला होता. सरांनी ती वाटच ठेवली नाही.

"आणि तुम्ही आम्हाला प्रीतीवर शिकवता! दोन वर्षं शिकवलंत! मी वह्याच्या वह्या भरल्या!"



सर म्हणाले, "मेजं उलथण्याआधी प्रभूनं काय केलं?"

"सर, मी परीक्षा द्यायला आलेलो नाही."

"काय केलं?"

शांतवननं दात आवळले. पण येत असलेलं उत्तर गिळून टाकणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"चाबूक केला. दोऱ्यांचा. ग्रीक शब्द फ्रागेल्लियोन. मूळचा लॅटिन, तिथून ग्रीकमध्ये आला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एकट्या योहानानं तो सांगितलाय."

"बरोबर. किती वेळ लागला?"

"कशाला?"

"चाबूक वळायला."

"ते लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. किती वेळ लागला?"

...

कुठल्याच टीकाग्रंथात कुणी हा प्रश्न विचारलेला शांतवननं वाचला नव्हता.

सर उठले. आत गेले. परसातल्या घेवड्याचे वेल बांधायला त्यांनी बाजारातून घायपाताचा वाख आणून ठेवला होता. त्याचा मूठभर जाड पेंडका आणि पाण्याचा तांब्या घेऊन ते बाहेर आले. पांढरे, लांब, राठ धागे. त्यांनी तो पेंडका शांतवनच्या पायाशी ठेवला.

"करून बघ."

शांतवननं वाखाकडं बघितलं. 

वैरागरांचं घर मूळचं मांगवाड्यातलं. त्याचा आजा वाख वळायचा. पोळा जवळ आला की गावचे पाटील, कुणबी वाड्याच्या तोंडाशी उभे राहून हाका मारायचे आणि आजा कासरे, म्होरक्या, दावी लांबूनच त्यांच्या पुढ्यात टाकायचा. बापानं हे काम सोडलं, ख्रिस्ती झाला, मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागला. 'माझ्या पोराच्या हाताला वाख लागणार नाही,' अशी त्यानं शपथ घेतली होती, आणि ती मरेपर्यंत पाळली.

"शेवटी तुम्हीसुद्धा..." शांतवनचा आवाज चिरकला. रागात त्याची भाषा गावाकडं पळायची. "शेवटी तुमीबी जातीवरच आलात!"

"करून बघ म्हणालो."

"माझ्या आईला जागा दावली जयवंतरावानं. मला तुमी दावताय. मांगाच्या पोरा, दोर वळ! एवढंच ना? त्यापरास तोंडावर थुकायचं हुतं!"

त्यानं पेंडका लाथेनं उडवला. धागे फरशीभर विखुरले. तांब्या कलंडला.

तो वळला आणि ताडताड फाटकाकडं निघाला.

मागून हाक आली नाही.

फाटकाची कडी त्यानं हातात घेतली. तेवढ्यात त्याला एक आवाज ऐकू आला. सर्र... सर्र... सर्र. ओल्या वाखावरून तळहात फिरल्याचा आवाज. लहानपणी आजाच्या शेजारी झोपताना तो कानी पडायचा. तो ओळखायला त्याला मागं बघावं लागलं नसतं.

तरी त्यानं बघितलं.

रेव्हरंड निमगावकर खाली फरशीवर बसले होते. पायजम्याचा डावा पाय त्यांनी मांडीपर्यंत वर सरकवला होता. विखुरलेले धागे गोळा करून, तांब्यात उरलेल्या पाण्याचा त्यांना हात लावून ते मांडीवर पीळ देत होते. एक फटका पुढं, एक मागं. बोटं धाग्यात धागा अशी सारत होती की जोड दिसत नव्हता.

गुडघ्याच्या वर, वीतभर जागेत, मांडीवर एकही केस नव्हता. कातडी गुळगुळीत, चकचकीत. वर्षानुवर्षं वाख घासल्याशिवाय तसं होत नाही. आजाची मांडी तशीच होती.

शांतवनच्या हातून कडी सुटली.

"सर... हे कुठं शिकलात?"

"शिकलो कुठं? पाचव्या वर्षापासून बापाजवळ बसायचो. सोळाव्या वर्षी मिशनच्या शाळेत आलो. वेलांचे दोर अजून घरीच वळतो, दार लावून."

"पण सगळे तर म्हणतात... निमगावकर म्हणजे जुनं घराणं..."

"गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. लोकांनी त्याचं घराणं केलं."

"आणि तुम्ही?"

"होऊ दिलं."

सर्र... सर्र...

"कुणालाच माहीत नाही?"

"बायकोला होतं."

शांतवन फाटकापासून परत आला. हळू आला. पण त्याचा राग उतरला नव्हता. उलट, इतका वेळ जो इकडंतिकडं धडका मारत होता, तो आता एका जागी येऊन उभा राहिला होता.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला.

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस वर्षं तुम्ही दुसऱ्या बाकावर बसलात."

"बसलो."

"काल त्या माणसानं जिला उठवलं, ती तुमचीच कुणीतरी होती. नात्यातली निघाली असती, शोधलं असतं तर!"

"निघाली असती."

"आईबापानं नाव हरिश्चंद्र ठेवलं तुमचं. हरिश्चंद्र! तुम्ही ढोंगी आहात, सर."

इतकं कडू तो कुणाशीच कधी बोलला नव्हता. गुरूशी तर नाहीच. 

सरांचा हात थांबला नाही.

"हो," ते म्हणाले.

...

तीन पेड तयार झाले. सरांनी त्यांची टोकं एकत्र बांधली आणि गाठ शांतवनपुढं धरली.

"धर. हे एकट्याचं काम नाही."

"का धरू?"

"मला शिव्या द्यायला तोंड लागतं. हात मोकळेच आहेत तुझे."

शांतवननं गाठ धरली. रागानंच धरली. सर चार पावलं मागं सरकले आणि पीळ घालायला लागले. दोर ताणला गेला. वाखाच्या कुसळांनी शांतवनची बोटं कापली. शपथ मोडली होती. बापाची आठवण झाली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गाठ त्यानं सोडली नाही.

"ढिली धरू नकोस."

"धरलीय!"

"ओढू नकोस. नुसती घट्ट धर."

ते त्याला जमेना. सैल धरली की पीळ उलगडायचा, ओढली की पेड तुटायला यायचा. दोनदा सगळं उसवून पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यानं दोरालाच शिवी घातली.

एक वाजून गेला. मग दोन.

शिव्या संपल्या. माणूस किती वेळ शिव्या देईल? हात कामात असले की डोकं आपोआप पुढं जातं. कालचा सगळा प्रसंग त्याला पुन्हा दिसायला लागला, पण आता सावकाश. आई बसली. जयवंतराव वाकले. आई उठली. आपण चौथऱ्यावरून उतरलो... आणि जयवंतराव तर उजव्या हाताला उभे होते. आपण डाव्या हाताला, बाकाकडं गेलो. का गेलो?

"सर," तो अचानक म्हणाला. "सोनाबाईच्या पायाचं हाड मोडलं असेल का?"

"तू बघून आला नाहीस?"

"...नाही."

"काल दुपारपासून आत्तापर्यंत काय करत होतास?"

शांतवन खाली बघत म्हणाला, "ग्रीक मजकूर काढून ठेवला होता. सकाळी चिठ्ठी आल्यावर उत्तर लिहीत होतो. प्राचार्यांना."

सरांनी शेवटची गाठ मारली. ओसरीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चल," ते म्हणाले.

सोनाबाईची पत्र्याची खोली चर्चच्या मागच्या भिंतीला लागून होती. दारात एक शेळी बांधलेली. सोनाबाई खाटेवर पाय लांब करून बसली होती. पावलाला हळदीचं फडकं. पाय भोपळ्यासारखा सुजलेला.

शांतवनला बघताच ती कडाडली.

"आला का रं बाकाला मारणारा पहिलवान!"

"मावशी..."

"बाकानं काय केलं हुतं रं तुला? बाक म्हणला का तुझ्या आईला, ऊठ म्हणून?"

"मावशी, राग आला."

"मला न्हाई आला व्हय? तुझ्या आईचा हात धरला तवा तिच्या हाताला कापरं सुटलं हुतं. मलाबी आला राग! पर आला तर जयवंतरावाच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायाचं. त्येच्या डोळ्यात बघायचं. इचारायचं, का उठवलंस? तेवढी छाती झाली न्हाई तुझी, म्हणून बाक पाडलास. लाकूड उलटून बोलत न्हाई ना!"

तीन वर्षं वर्गात पहिला येणारा शांतवन मातीच्या जमिनीवर बसला. त्यानं तिचं सुजलेलं पाऊल अलगद दोन्ही हातांत धरलं. त्याच्या बोटांचं रक्त हळदीच्या फडक्याला लागलं.

"चुकलो, मावशी."

"चुकलासच. जोरानं दाबू नगं, ठणकतंय."

मग तिची नजर सरांच्या हातातल्या दोराकडं गेली. तिनं हात पुढं केला. सरांनी दोर दिला. तिनं तो नखानं पारखला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ह्ये टोक पोरानं धरलेलं दिसतंय. पीळ कच्चा हाय." ती थांबली. "आन् ह्यो डावा पीळ... ह्यो निमगावचा. तुमच्या बापाच्या हातचं दावं आमच्या दारात हुतं, सर. म्हस मेली पर दावं तुटलं न्हाई."



"सोनाबाई, तुला ठाऊक होतं?"

"तुमी ह्या चर्चात आलात त्या सालापासनं. चालण्यावरनंच वळकलं. बाप अस्साच चालायचा."

"कधी बोलली नाहीस."

"तुमी बोलला न्हाईत. मंग म्या कशाला बोलू?"

शेळी पाला खात होती, तेवढाच आवाज.

एक्केचाळीस वर्षं ही बाई चर्च झाडत होती. एक्केचाळीस वर्षं दर रविवारी दुसऱ्या बाकापाशी येऊन सर लोकांचे नमस्कार घेत होते, आणि ती दाराजवळच्या जाजमावरून बघत होती. शांतवननं सरांकडं बघितलं. त्यानं ढोंगी म्हटलं तेव्हा सर हलले नव्हते. आता त्यांनी भिंतीला हात टेकला होता.

"ह्यो दोर ऱ्हाऊ द्या हितंच," सोनाबाई म्हणाली. "माझ्या शेळीचं दावं झिजलंय."

"ठेव," सर म्हणाले.

पाच वाजता प्राचार्यांच्या खोलीत मोठ्या मेजाभोवती पाच पंच बसले होते. मध्ये जयवंतराव. पांढराशुभ्र कोट, चांदीच्या मुठीची काठी. शिपायानं नुकताच चहा आणून ठेवला होता.

"माफीपत्र आणलंस?" प्राचार्यांनी विचारलं.

"ज्यांना लागलं त्यांची माफी मागून आलोय," शांतवन म्हणाला. "सोनाबाईंची. बाक मी पाडला, ते चुकलं. बाकाला काही झालं असेल तर दुरुस्त करीन."

"आणि जयवंतरावांची?"

शांतवन मेजाला वळसा घालून गेला. प्राचार्य अर्धवट उठले. त्यांना वाटलं, आता हा मेज उलथतो. पण शांतवननं मेजाला हात लावला नाही. तो जयवंतरावांसमोर जाऊन उभा राहिला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघायला लागला.

"माझ्या आईला का उठवलंत?"

"उठवलं नाही," जयवंतराव म्हणाले. "विनंती केली."

"का केलीत?"

"हे बघ, जागा ठरलेल्या असतात. आमच्या आजोबांपासून..."

"त्या बाकावर चार माणसं बसली असती. का उठवलंत?"

"आवाज खाली ठेव."

आवाज खालीच होता. त्यामुळंच तो ऐकवत नव्हता. जयवंतरावांनी प्राचार्यांकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग चहाच्या कपाकडं.

"का?" शांतवननं पुन्हा विचारलं.

...

"मी सांगतो," दारातून निमगावकर सर म्हणाले.

एका पंचानं लगबगीनं खुर्ची ओढली. "सर, या, बसा."

सर बसले नाहीत.

"ती मांगवाड्यातली आहे, म्हणून उठवलं," ते म्हणाले. "मीही मांगवाड्यातलाच. माझा बाप निमगावात वाख वळायचा. काल तिला उठवलं तेव्हा मी ऐकत होतो आणि गप्प बसलो. तो पोरगा चुकला असेल, पण तो गप्प बसला नाही. नाव कमी करायचं तर माझं करा."

खोलीतला पंखा कुरकुरत फिरत होता. कुणी कुणाकडं बघेना.

मग जयवंतराव हसले. अगदी मायेनं हसले. कधी नव्हे ते त्यांनी स्वतःच्या हातानं एक कप उचलला आणि सरांच्या पुढं ठेवला.

"सर, हे आता या वयात कशाला सांगायचं? आम्ही काही तसलं मानत नाही. तुम्ही आमचेच आहात. घ्या, चहा घ्या. घ्या ना."

सरांनी कपाकडं बघितलं.

"कालपर्यंत होतो," ते म्हणाले. चहा तसाच राहिला.

पुढं अर्धा तास बोलणं झालं. शिस्त, परंपरा, मंडळीची शांती असे शब्द पुन्हा पुन्हा आले. आईला का उठवलं, याचं उत्तर आलं नाही. शेवटी प्राचार्यांनी खाली मान घालून निर्णय वाचला. शांतवन वैरागर याला एक वर्ष विद्यालयाच्या कुठल्याही वर्गात पाऊल ठेवता येणार नाही. पदवी त्यानंतर. रेव्हरंड निमगावकरांच्या बोलण्याची नोंद घेण्यात येत नाही.

दोघं बाहेर आले. व्हरांड्यातून विद्यार्थी बाजूला सरकून बघत होते. शांतवन तरातरा पुढं चालत होता. मैदान ओलांडून होईपर्यंत त्यानं मागं बघितलं नाही. मग एकदम थांबला.

"नोंदसुद्धा घेतली नाही तुमची!"

"नाही घेतली."

"तुम्ही दहा वर्षांपूर्वी बोलला असता, वीस वर्षांपूर्वी बोलला असता, तर माझी आई त्या बाकावर बसली असती. आज बोललात! आता काय उपयोग?"

"उशीर झाला."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही, सर."

"घाई नको करूस."

शांतवननं श्वास घेतला. राग अजून तसाच होता, पण तो आता उधळत नव्हता.

"मग मी जातो गावाला. इथं माझं काय काम?"

"उद्या सकाळी नऊला माझा तास आहे."

"मला वर्गात यायची बंदी आहे. ऐकलंत ना?"

"वर्गाबाहेर पायरी आहे. तिथं ये."

शांतवन दोन पावलं मागं सरकला, जणू कुणी थोबाडीत मारली.

"पायरीवर?" तो ओरडला. मैदानातली पोरं थांबून बघायला लागली. "पायरीवर बसू मी? माझा आजा शाळेच्या बाहेर पायरीवर बसायचा, सर! तिथनं कान देऊन मुळाक्षरं शिकला! पाऊस आला तरी आत घेत नव्हते त्याला! आणि तुम्ही मला सांगता, पायरीवर बस?"

"माझा बापही बसायचा. दोन वर्षं बसला."

"मग?"



"तेव्हा मास्तर आत बसायचा," सर म्हणाले.